धामणपेठेची वेस कशी सरकली

सुमंत मास्तरांच्या कोटाच्या खिशात रुमाल नसे, ओळंबा असे. पितळेचा, भोवऱ्याएवढा, दोरी गुंडाळून ठेवलेला. कुणाकडे चहाला गेले तरी बोलता बोलता त्यांचा हात खिशात जाई आणि यजमानाच्या भिंतीला ओळंबा लागे. भिंत तिरकी निघाली की चहात माशी पडल्यासारखा त्यांचा चेहरा होई. "मास्तर, भिंत आमची हाय, पडली तर आमच्याच टाळक्यात पडंल, तुमी च्या प्या," असं एका शेतकऱ्यानं त्यांना सुनावलंही होतं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

खरं बोलण्याच्या बाबतीतही त्यांचं असंच. मेहुण्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा कुणीही विचारलेलं नसताना "मॅट्रिकला एकदा बसली होती, गणितात राहिली," हे यांनीच सांगून टाकलं. स्थळ गेलं. मेहुण्यानं वर्षभर तोंड पाहिलं नाही. मास्तरांना त्यात आपलं काय चुकलं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

घराणं नगरचं, कारकुनीचं आणि भिक्षुकीचं. सात पिढ्यांत कुणी दगड उचलला नव्हता. उचलली ती दप्तरं आणि पोथ्या. मास्तर स्वतः नेवाशाच्या शाळेत चित्रकला शिकवत. मुलांना फुलपाखरं काढायला लावून आपण खिडकीतून दिसणाऱ्या देवळाचा एकेक चिरा कागदावर उतरवत बसत. चाळिशीला आले आणि एके दिवशी नोकरी सोडून ग्रामनिवास मंडळाचे चिटणीस झाले. हे मंडळ नगरच्या चार-सहा भल्या माणसांनी काढलेलं. काम तीन प्रकारचं: खेड्यातल्या गरिबांना घरं बांधून देणं, जुन्या वास्तू राखणं आणि बसलेल्या बाजारपेठा पुन्हा उभ्या करणं. अध्यक्ष नृसिंहराव वकील. त्यांचा जीव जुन्या वास्तूंत. घरं आणि बाजार हे त्यांना पंगतीच्या ताटातल्या मिठासारखे, असावेत म्हणून असलेले. मास्तरांच्या पत्नी सुमेधाबाई नगरला मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्या म्हणत, "यांचं मंडळ गावोगाव घरं बांधतंय, आणि आमचं घर माझ्या पगारावर उभं आहे." त्या हे हसत म्हणत, पण म्हणत जरूर.

धामणपेठ हे प्रवरेकाठचं जुनं बाजाराचं गाव. नेवासा तालुक्यातल्या पंचवीस खेड्यांचा बाजार एके काळी इथं भरायचा. गावाच्या तोंडाशी काळ्या दगडाची वेस होती, भक्कम कमानीची, आत बसायला दोन्ही बाजूंना देवड्या. मास्तरांचं ह्या वेशीवर मन बसलं होतं. पण बैलगाडीसाठी बांधलेल्या वेशीतून मालट्रक कसा जावा? ट्रक बाहेर उभा राही, पोती डोक्यावरून पेठेत जात. हळूहळू व्यापारी कंटाळले, आठवड्याचा बाजार बाहेर सडकेकडे सरकला आणि पेठेतल्या दुकानांच्या फळ्या एकेक करून लागल्या. उपसरपंच सहादेव पाटलांची दोन दुकानं पेठेतच होती. त्यांनी वेस पाडायचा ठराव आणला.

तेव्हा मास्तर ग्रामसभेत उभे राहिले आणि त्यांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "पाटील, पोळ्याला तोरण वेशीला बांधतात. तुमचा मानाचा बैल ते तोडून पहिला आत येतो. वेस पाडल्यावर तुमचा बैल कुठून येणार? आणि पहिला आला हे कळणार कसं?"

सभा हसली. पाटलांचा हात मिशीला गेला आणि ठराव बारगळला. मास्तरांनी त्या रात्री सुमेधाबाईंना ही हकिकत दोनदा सांगितली.

पुढच्याच पावसाळ्यात प्रवरेला पूर आला आणि नदीकडची खालची आळी मातीत मिसळली. माणसं वाचली, घरं गेली. वीसेक कुटुंबं देवळात आणि शाळेत येऊन राहिली. सगळी शेतकरी कुटुंबं. थोडी थोडी जमीन असलेली, पण पुन्हा घर उभं करायची ऐपत नसलेली. मंडळानं काम अंगावर घेतलं. गावठाणात बोटभर जागा शिल्लक नव्हती. वेशीबाहेर सडकेच्या कडेला उंचावरचं गायरान सरकारकडून मिळालं. मास्तर वर्षभर तिथं झोपडी घालून राहिले. दगडी जोती, पक्क्या विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढं ओटा, मागं न्हाणी. दारं पूर्वेला. आड खणला, त्याला पाणीही गोड लागलं. प्रत्येक भिंतीला मास्तरांचा ओळंबा लागलेला. नगरहून पाहुणे आले, हार झाले, भाषणं झाली.

आणि राहायला कुणी येईना.

आधी सांगितलं, आखाड लागलाय. मग श्रावण आला, तर सासरे आजारी. मग पितृपक्ष. मग, "दिवाळी सरू द्या की मास्तर." माणसं शाळेच्या व्हरांड्यात गोणपाटाचे आडोसे करून राहत होती, पावसाच्या चार सरी आल्या तर त्यात भिजत होती, आणि अर्ध्या कोसावर कौलारू घरं कुलपं लावून उभी. मास्तरांनी दारांच्या दिशा पुन्हा तपासल्या. चुलीची जागा पाहिली. एक भटजी बोलावून वास्तुशांतही करून घेतली, जे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. नगरहून नृसिंहरावांचा निरोप आला: वर्षभरात घरं भरली नाहीत तर मंडळ घरबांधणीचं काम बंद करील. देणगीदार विचारतात, आम्ही काय रिकाम्या घरांची प्रदर्शनं भरवतो?

शेवटी मास्तरांनी छबूबाईला गाठलं. छबूबाई खालच्या आळीतली, पन्नाशीची, नवरा वारलेला, दोन एकर जिरायत स्वतः कसणारी. तोंडानं फटकळ. सगळी आळी तिच्या शब्दाला धरून चालायची. ती शाळेच्या आवारात तुरी पाखडत बसली होती.

"छबूबाई, खरं सांगा. घरात काय वाईट आहे?"

"घरात काय बी वाईट न्हाई. लई झ्याक घर हाय."

"मग?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मास्तर, तुमी शिकलेले. पटकी आली की मरीआईचा गाडा कुठं नेऊन सोडत्यात?"

"वेशीबाहेर."

"नवरदेव आला तर ववाळून आत घेस्तोवर कुठं हुबा ऱ्हातो? मढ्याला इसावा देऊन कुठं नेत्यात?" तिनं सूप पुन्हा उचललं. "आन् बाहीर ऱ्हातं कोन, त्ये बी तुमाला म्हाईत हाय. आमचं घर गेलं, अब्रू न्हाई गेली. वेशीबाहेर ऱ्हायाचं म्हंजी ती वेशीला टांगल्यावानीच की."

मास्तर उठले आणि चालू लागले. राग आला होता, आणि तो दोन्हीकडं वाटला गेला होता. अर्धा छबूबाईवर, कारण बाहेर कोण राहतं ते तिनं ज्या सुरात सांगितलं तो सूर त्यांना सहन होत नव्हता. सडकेनं नव्या घरांच्या पुढं गेलं की बौद्ध वस्ती होती, पंधरा-सोळा घरांची. गावातले म्हातारे अजून तिचं जुनंच नाव घेत. उरलेला अर्धा राग स्वतःवर. ज्या माणसानं ह्या वेशीचा चिरा न् चिरा कागदावर उतरवला, तिच्यावर नगरला व्याख्यानं दिली, तो वेस कशासाठी असते हेच विसरला होता. दिवाणखान्यात मांडायची वस्तू असावी तशी त्यानं ती पाहिली. आत आणि बाहेर करण्यासाठीच ती बांधलेली होती, आणि इतकी वर्षं ते काम ती चोख करत होती.

मग मास्तरांनी एक शहाणपणा केला. नव्या घरांच्या पलीकडे सडकेवर दोन खांब पुरले, वर आडवी तुळई टाकली, तिला रंग दिला आणि जाहीर केलं की ही आता गावाची नवी वेस. गाव बघायला लोटलं. छबूबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"कोंडवाड्याचं दार झ्याक झालंय, मास्तर. म्हशी कवा कोंडायच्या?"

दुसऱ्या दिवशी कुणीतरी तुळईला खरोखरच म्हशीचं दावं बांधून ठेवलं. मास्तरांनी खांब उपटून टाकले.

त्यांना झोप लागेना. त्यांना उत्तर सापडलं होतं आणि तेच नको होतं. लोक लाकडाची वेस मानणार नाहीत. ते मानतील ती हीच, काळ्या दगडाची, ज्या दगडाखालून त्यांच्या आजेसासवा नवऱ्या होऊन आत आल्या. ती उतरवायची, चिऱ्याला चिरा लावून पुढं नेऊन उभी करायची. घरं वेशीच्या आत येतील. पेठेचा रस्ताही मोकळा होईल, मोकळ्या माळावर ट्रक वेशीला बगल देऊन येईल आणि दुकानाच्या पायरीशी लागेल. सगळं जमत होतं. फक्त जी वाचवायला आपण गावाशी भांडलो, तिच्यावर पहिली पहार आपणच घालायची. मास्तर वेशीच्या देवडीत जाऊन बसले आणि सरळ रडले. तिथून जाणाऱ्या एका बाईनं घरी सांगितलं, मास्तरांचं कुणीतरी गेलं वाटतं.

नृसिंहराव ऐकूनच उभे राहिले. "सुमंत, वास्तू जिथं आहे तिथं वास्तू असते. हलवली की दगड उरतात."

"दगड तरी उरतील. पाडली तर खडी होईल. दुष्काळी कामावर खडीला केवढी मागणी आहे, पाहताय ना?"

"परवानगी देतो. पण ह्यापुढं जुन्या वास्तूंचं काम तुमच्याकडं राहणार नाही. ते मी दुसऱ्या कुणाला सांगेन."

मास्तरांनी मान डोलावली. ज्यासाठी नोकरी सोडली होती ते काम असं दोन वाक्यांत गेलं.

गावाला मात्र कल्पना एकदम पटली. पुरानंतर पाऊस रुसलेला, शेतात काम नाही, बैल नि माणसं मोकळीच. सहादेव पाटलांना तर दोन्ही डोळे मिळाले. दुकानंही उघडणार आणि मानही राहणार. त्यांनी पारावर बसून काठीनं धुळीत रेघ ओढली. "नव्या घरांचा शेवटचा वटा सुटला की लगीच वेस. त्याच्या म्होरं नगं."

त्याच्या पुढं म्हणजे बौद्ध वस्ती. नगं म्हणजे का नगं, हे पारावर कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तरांनी विचारलं. ग्रामसभेत विचारलं, पाटलांच्या ओसरीवर जाऊन विचारलं. वस्ती आत घेऊ या, आता कायदा आहे, काळ आहे. पाटील प्रत्येक वेळी पान पुढं करून म्हणत, "त्ये बघू म्होरल्या साली." छबूबाई तर म्हणाली, "तसं आसंल तर ऱ्हाऊ द्या तुमची वेस. आमी शाळंतच बरं." मास्तरांना तिची त्या क्षणी किळस आली, आणि हिच्याचसाठी आपण वेस मोडतोय याची जास्त आली.

पाया खणायचं काम वस्तीतल्याच श्रीमंतकडं होतं. नाव श्रीमंत, जवळ एक बैलजोडी आणि एक पहार. दुष्काळी कामावर खडक फोडणाऱ्या टोळीचा तो मुकादम होता, बोलायला तोलूनमापून. मास्तर सगळ्यांनाच अहो-जाहो करत, तसं त्यालाही करत. मास्तरांनी वस्तीबद्दलचं बोलणं काढलं तेव्हा तो म्हणाला, "वेशीच्या आत यायाची आमाला हौस न्हाई, मास्तर. तुमच्या नव्या आडाचं पानी भराया मिळालं तर तेवढं बघा. वेस हलली म्हून मानसं हालत्यात व्हय?"

"आड वेशीच्या आत आहे," मास्तर म्हणाले. "वस्ती बाहेर राहिली, तर उद्या त्याच वेशीत उभं राहून तुम्हाला अडवतील. आज हरकत नुसती तोंडाची आहे, मग ती दगडाची होईल."

श्रीमंतनं यावर थोडा विचार केला आणि पहार उचलली.

पाटलांनी ओढलेल्या रेघेवर त्यानं खड्डा घेतला. कमरेएवढा खोल गेला आणि पहार खणकन वाजली. पिवळा, टणक मुरूम. वेशीचं ओझं पेलायला असा पाया शोधून सापडायचा नाही. मास्तर कडेला उभे होते. वीस पावलांवर बाभळीखाली सहादेव पाटील आणि चार मंडळी तंबाखू मळत बसलेली.

"लागला का मुरूम?" पाटलांनी हाळी दिली.

मास्तरांनी खड्ड्यात पाहिलं. श्रीमंतनं वर पाहिलं.

"नाही," मास्तर मोठ्यानं म्हणाले. "काळीच आहे सगळी. खाली फुगणारी माती. इथं वेस धरणार नाही, पाटील. पहिल्या पावसात कमान फाटेल."

आवाज जरासुद्धा हलला नाही याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पाटील उठायला लागले, पण दिवस मावळतीला आला होता आणि गुरांची वेळ झाली होती. "उद्या बघू," म्हणून मंडळी गावात गेली. मास्तर झोपडीत येऊन पडले. उद्या पाटील खड्ड्यात डोकावतील आणि पिवळा मुरूम त्यांच्याकडं बघून हसेल, हे त्यांना आता सुचत होतं. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. माणूस बोलतो, पण पुढची तजवीज करत नाही.

सकाळी पाटील आले ते पहार घेऊनच. "आमच्या गावात काळी कुठं आन् मुरूम कुठं, आमाला बी कळतं थोडं," असं म्हणत खड्ड्याकडं गेले. मास्तर मागून, पाय ओढत. श्रीमंत आधीच कडेला बसून बिडी ओढत होता.

खड्ड्याचा तळ काळा होता.

पाटलांनी पहार सोडली. ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. दुसऱ्या कोपऱ्यात घातली, तिथंही गेली. पाटील श्रीमंतकडं बघू लागले. "आरं, काल हितं पहार वाजल्याली मी ऐकली."

"धोंडा हुता, पाटील. काढून टाकला."

"मंग मुरूम कुठं हाय?"

श्रीमंतनं बिडी विझवली आणि सडकेच्या वरच्या अंगाला हात केला, वस्तीच्याही पलीकडं. "तकडं हाय. आमच्या घरांच्या म्होरं. आमची घरं उगीच न्हाई टिकली पुरात."

पाटलांनी पहार मातीतून उपसली. मग त्यांनी पेठेतल्या आपल्या दोन दुकानांचा विचार केला असावा. पहार खांद्यावर टाकून ते म्हणाले, "दगडाच्या मनात आसंल तसं हुईल," आणि निघून गेले.

मास्तर श्रीमंतजवळ बसले. श्रीमंतनं नवी बिडी पेटवली.

"माती कुठली आणलीत?"

"माझ्याच वावरातली. रातीत हातभर मुरूम फोडून काढला, तरी चार घमेली जास्तीच पडली." मग म्हणाला, "तुमी कसं काय ओ खोटं बोलला? तुमाला येत न्हाई म्हनत्यात."

"येत नव्हतं," मास्तर म्हणाले.

वेस उतरवायला सगळा उन्हाळा लागला. प्रत्येक चिऱ्यावर मास्तरांनी चुन्यानं खूण केली. कमानीचा कळीचा दगड निघाला तेव्हा गावातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि लगेच दुसऱ्या दिवशी पहिला ट्रक पेठेत शिरला. वस्तीच्या पुढं कमान पुन्हा चढली. श्रीमंतची टोळी, पाटलांच्या गाड्या, खालच्या आळीचे बाप्ये, सगळे एकाच दोराला लागले होते. पाणी प्यायला मात्र दोन ठिकाणी बसत. मास्तरांनी ते पाहिलं, रागावले आणि काम चालू ठेवलं.

पोळा आला तो दुष्काळातच. बैलांच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. शिंगांना हिंगूळ नव्हता, गेरूवर भागवलेलं. तरी सगळं गाव वस्तीच्या पुढच्या माळावर जमलं, वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. नगरहून नृसिंहरावही आले होते. त्यांनी वेशीभोवती दोनदा फेरी मारली, चिऱ्यांवरून हात फिरवला, आणि मास्तरांजवळ येऊन हळूच विचारलं, "सुमंत, पाया इतक्या लांब आणावा लागला? खाली खरंच मुरूम नव्हता?"

"सहादेव पाटलांनी स्वतः पहार घालून पाहिलं," मास्तर म्हणाले. यात खोटं एक अक्षर नव्हतं. वकील पुन्हा वेशीकडं वळले.

हलगी वाजली. पाटलांचा मानाचा बैल पुढं निघाला, मान वर करून. शिंगानं तोरण तोडलं आणि तो वेशीतून आत आला. पाटील कासरा धरून ऐटीत चालले होते, ते चार पावलांवर गपकन थांबले. पहिल्याच घरापुढं श्रीमंत उभा होता, आणि त्याच्याजवळ त्याची बैलजोडी, अंगावर साध्या गेरूचे ठिपके, पायाशी पुरणाच्या नैवेद्याची ताटली. आजवर ही जोडी गावाच्या पोळ्यात कधी आलीच नव्हती.

हलगी थांबली.

"श्रीमंत," पाटलांचा आवाज चढला, "मानाच्या बैलाच्या आदी तुजं बैल वेशीच्या आत कशे आले रं?"

श्रीमंतनं बैलाच्या वशिंडावर हात ठेवला.

"बैल कुठं आले, पाटील? बैल जितं हुते तितंच हायेत. वेस आली."

पाटलांनी वळून वेशीकडं पाहिलं. मग मागून छबूबाईचं हसू फुटलं. तिला ते दाबायचं होतं, पण दाबलं गेलं नाही, आणि तिच्यामागून आणखी कुणाकुणाचं सुटलं. पाटील लालबुंद झाले. मागं माळावर सगळ्या गावाचे बैल खोळंबलेले, पुढं वस्तीचा रस्ता. दुसरी वाटच नव्हती. त्यांनी कासऱ्याला हिसका दिला आणि मानाचा बैल श्रीमंतच्या दारावरून गावात गेला.

घर आता वेशीच्या आत होतं, आणि 'आमी शाळंतच बरं' म्हणणाऱ्या छबूबाईनं दुसऱ्याच दिवशी आपलं जातं तिथं न्यायला काढलं. ते जड होतं म्हणून तिनं माणूस शोधला. रस्त्यात जवळ श्रीमंतच होता. त्यानं जातं ओट्यापर्यंत आणलं आणि तिथंच थांबला.

छबूबाईनं उंबऱ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं.

"आता वट्यावर ठिवून मी एकलीनं आत कसं न्यावं?" ती फटकन म्हणाली. "आन की आत."